अर्धी गुंज इकडे, अर्धी गुंज तिकडे

बाजारात तयार मिळणारी वस्तू घरी केली की स्वस्त पडते, या एका समजुतीपायी अमेरिकेतल्या कितीतरी गॅरेजांत गाडी ठेवायला जागा उरलेली नाही. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या शेजाऱ्यांची गाडी उन्हाळ्यात उन्हात आणि हिवाळ्यात बर्फात उभी असते. तिच्या हक्काच्या जागेत, कोरड्या हवेत, कुलपाच्या कपाटात बंदुकीच्या पावडरीचे डबे सुखाने राहतात. शेजारी आपल्या शिकारीच्या रायफलीची काडतुसं घरी भरतात.

त्यांचं खरं नाव इथे सांगून उपयोग नाही, कारण आमच्या घरात ते कुणी वापरत नाही. गुडघ्यापर्यंतची चड्डी, कपाळावर चढवलेला चष्मा, कानामागे पेन्सिल आणि 'आधी मला विचारायचं होतंत' असा कायमचा चेहरा पाहून माझ्या बायकोने पहिल्याच आठवड्यात त्यांना तात्या करून टाकलं. मग त्यांची बायको आपोआप काकू झाली.

तात्या हरणाची शिकार करतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय जुन्या राजवाड्यांच्या भिंतींवरच्या, भुसा भरलेल्या मुंडक्यांपुरता उरला. इथे थँक्सगिव्हिंगनंतरचा हरणांचा मोसम म्हणजे घरोघरचा सण. पूर्वी तो सोमवारी सुरू व्हायचा आणि त्या दिवशी अनेक शाळांना सुट्टी असायची, कारण पोरंही जंगलात आणि मास्तरही जंगलात. २०१९ पासून तो शनिवारी सुरू होतो. नियम कडक. डोक्यावर आणि अंगावर मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड दिसलं पाहिजे. शिंगवाला नर माणशी वर्षाला एकच.

आता बघा. नर एक. म्हणजे तात्यांना त्यासाठी वर्षाला एक काडतूस लागतं. हात थरथरला तर दोन. दुकानात वीस काडतुसांची पेटी मिळते. एक पेटी आणली तर उरलेली काडतुसं मृत्युपत्रात लिहून ठेवावी लागतील. हे मी त्यांना एकदा सुचवून पाहिलं.

"दुकानातलं काडतूस कुणासाठी केलेलं असतं?" तात्यांनी विचारलं.

"गिऱ्हाइकासाठी."

"कुठल्या गिऱ्हाइकासाठी?"

"कुठल्याही."

"तेच तर! माझी रायफल कुठलीही नाही."

यावर बोलण्यासारखं काही राहिलं नाही. शिवाय त्यांनी लगेच विषय बदलला. "तू भारतीय ना? कॉम्प्युटरवाला? मग तुला गणित येत असणार." दहावीला बीजगणिताने मला काठावरून सोडून दिलं होतं, ही गोष्ट सांगण्याची ती वेळ नव्हती, प्रश्न देशाच्या अब्रूचा होता. त्या दिवसापासून मी तात्यांचा चिटणीस झालो. त्यांची तेलकट वही माझ्या एक्सेलमध्ये उतरवायची, आणि दर शनिवारी नवे आकडे भरायचे.

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारा प्रायमर, पोटात पावडर, तोंडाशी गोळी. बार उडाला की गोळी जाते, पावडर जळते, प्रायमर संपतो आणि पुंगळी तेवढी हातात राहते. ती पुन्हा भरता येते. बचतीचा सगळा डोलारा या रिकाम्या पुंगळीवर उभा आहे. त्यामुळे घरी काडतूस भरणारा माणूस गोळीबाराच्या मैदानावर दुरून ओळखू येतो. तो समोरच्या निशाणाकडे बघत नाही, जमिनीकडे बघत चालतो. दुसऱ्याची पुंगळी गवतात पडलेली दिसली की त्याच्या बुटाची नाडी सुटते.

तात्यांची रायफल थर्टी-ऑट-सिक्सची. हे काडतूस अमेरिकन लष्कराने १९०६ साली स्वीकारलं. त्यानंतर दोन महायुद्धं झाली, आणि इथल्या हरणांनी, एल्कांनी, अस्वलांनी त्याचा पुरेसा अनुभव घेतला. शंभर वर्षांहून जास्त काळ माणसं ते घरी भरताहेत. तेव्हा त्यात कुठली पावडर घालायची, हे एव्हाना ठरून गेलं असेल, असं एखाद्या भाबड्या माणसाला वाटेल. मला वाटलं.

धूर न करणारी पावडर पॉल व्हिएल या फ्रेंच माणसाने १८८४ साली केली. त्याआधीच्या शिकाऱ्याला काळी दारू ठाऊक होती. दाणा जाड की बारीक, एवढाच प्रश्न. तो बिचारा लवकर झोपत असावा. आता तात्यांच्या भिंतीवर पावडरींचा तक्ता आहे. वरच्या टोकाला भरकन जळणाऱ्या, खालच्या टोकाला रेंगाळत जळणाऱ्या, मध्ये शंभराहून जास्त नावं. फार तापट पावडर भरली तर रायफल फुटायची भीती. फार आळशी भरली तर नळीच्या तोंडातून जाळ निघतो आणि गोळी मात्र रमतगमत जाते. मधल्या पट्ट्यातल्या बऱ्याच पावडरी थर्टी-ऑट-सिक्सला चालतात, आणि खरी पीडा तीच. एकच चालत असती तर तात्या आज चित्रकार किंवा आमदार झाले असते.

नावं म्हणाल तर ४०६४, ४८९५, ४३५०, ४८३१. आमच्या पार्किंगमधल्या गाड्या पुकारताहेत असं वाटावं. आयएमआर ४३५० वेगळी आणि एच ४३५० वेगळी. आकडा एक, पावडरी दोन, आणि एकीचं माप दुसरीला लावलं तर घात. उलट एच ११० आणि डब्ल्यू २९६ ही नावं वेगळी, डबे वेगळे, आतली पावडर एकच. एच ४८३१ चे दाणे आखूड कापले की तिच्या नावामागे एससी लागतं आणि तिला कपाटात स्वतंत्र जागा मिळते.

"ही पद्धत कुणी ठरवली?" मी विचारलं.

"कुणी नाही."

"मग लोक पाळतात कसे?"

"जे पाळत नाहीत ते क्लबात येत नाहीत." तात्यांनी टोपी काढून क्षणभर हातात धरली. मी पुढे विचारलं नाही.

४८३१ वर त्यांचं वडिलोपार्जित प्रेम. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा सरकारकडे पावडरीचे ढीग उरले होते. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन या गृहस्थांनी ती घाऊक घेऊन शिकाऱ्यांना किरकोळ विकायला काढली. त्यातली ४८३१ मुळात २० मिलिमीटरच्या तोफेसाठी केलेली. तोफेची पावडर, तीही स्वस्त! तात्यांच्या वडिलांच्या पिढीने हरणांवर ती आनंदाने उडवली. तात्या ही हकिगत सांगतात तेव्हा त्यांचा आवाज जड होतो. "अस्सल अमेरिकन पावडर," ते डब्यावर टिचकी मारून म्हणाले.

मला डब्यावरचा बारीक मजकूर वाचायची सवय आहे. शाकाहारी माणसाला परदेशात ती लागतेच. मी वाचलं, "ऑस्ट्रेलियात बनवलेली."

तात्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. हॉजडनच्या या पावडरी आता न्यू साउथ वेल्समधल्या मल्वाला गावी तयार होतात. मी दुसरा डबा उचलला, तो फिनलंडचा. तिसरा स्वीडनचा. जन्मभर परदेशी गाडीत पाय न ठेवलेला माणूस स्वतःच्या गॅरेजमध्ये पाहुण्यासारखा उभा राहिला. पुढचा शनिवार त्यांनी मला बोलावलं नाही. त्यानंतरच्या शनिवारी कुंपणापाशी भेटले आणि म्हणाले, "ऑस्ट्रेलियन माणसं तशी चांगली असतात." विषय मिटला.

पावडर ठरली (त्या महिन्यापुरती) की माप ठरवायचं. त्यासाठी छापील पुस्तकं असतात, तात्यांकडे फळीभर आहेत. एकाच पावडरीला, एकाच वजनाच्या गोळीला प्रत्येक पुस्तकात कमाल माप निराळं. याला कारणं आहेत: प्रत्येकाने वापरलेली नळी वेगळी, पुंगळी वेगळी, प्रायमर वेगळा, पावडरीचा घाणा वेगळा. एका गोष्टीवर मात्र सगळ्या पुस्तकांचं एकमत आहे. खालून सुरुवात करा, हळूहळू चढा, दाबाची लक्षणं दिसली की थांबा. या काडतुसाच्या आत चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत दाब मान्य आहे. हवेच्या दाबाच्या चार हजार पट! गाडीच्या चाकात बत्तीस असतात. तो दाब रायफलीत असतो, गॅरेजमध्ये नसतो, हे मला पूर्ण कळतं. तरी हे ऐकल्यापासून मी फ्रिजच्या पलीकडे उभा राहून आकडे लिहितो.

दाबाची लक्षणं म्हणजे काय? तर उडालेल्या पुंगळीचं बूड भिंगातून बघायचं. प्रायमरच्या कडा गोल राहिल्यात की चेपल्यात, बुडावर चकाकी आलीय का, बोल्ट उघडताना हाताला जड लागला का. मैदानावर तात्या ती पुंगळी उन्हात धरतात आणि आजूबाजूचे तिघेचौघे आपापली भिंगं घेऊन गोळा होतात. एक म्हणतो उतरा, दुसरा म्हणतो अजून जागा आहे, तिसरा ती पुंगळी बघतच नाही, तुम्ही ही पावडर घेतलीतच का, तिथपासून सुरुवात करतो. प्रत्येकाकडे स्वतःचं असं एक हमखास माप असतं. ते विचारलं तर तो आधी डावीउजवीकडे बघतो, मग आवाज उतरवून सांगतो आणि लगेच मोठ्याने म्हणतो, "पण हे माझ्या रायफलीत चालतं हं, तुमच्या रायफलीचं मी सांगत नाही." सल्ला देणं आणि जबाबदारी झटकणं या दोन क्रिया एका दमात करणारी माणसं मी फक्त गुंतवणूक सल्लागारांत पाहिली होती.

माझी आई सांगलीहून आली होती तेव्हाची गोष्ट सांगायला हवी. बाहेर बर्फ, करमणूक काही नाही, म्हणून तिला तात्यांचं गॅरेज दाखवायला नेलं. तिला हिंसा वर्ज्य, पण स्टील आणि पितळ बघायला आवडतं. तात्या वजन करत होते. काट्यावरचा आकडा एकसारखा हलत होता. थोडं वर, थोडं खाली, पुन्हा वर. तात्या चिमट्याने एक दाणा काढायचे, काटा दोन दाण्यांइतका खाली यायचा. त्यांच्या तोंडून बारीक आवाजात जे शब्द निघत होते ते आईला कळत नव्हते, हे बरं होतं.

"किती तोलतोय?" आईने विचारलं.

"ग्रेन. एका पौंडात ७,००० असतात. आणि तात्या एकेका ग्रेनचे दहा भाग करतात."

"म्हणजे किती? गुंजेत सांग."

मी फोनवर हिशेब केला. एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम. "साधारण अर्धी गुंज."

"मग असं सांग की!" आईचे मामा सराफ. ती लहानपणी सराफ कट्ट्यावरच्या त्यांच्या दुकानात, तराजूच्या पेटीशेजारी बसून अभ्यास करायची. तिने वर छताकडे पाहिलं, आणि तात्यांना थेट मराठीत सांगितलं, "अहो, तो वारा बंद करा आधी. सोनं तोलताना पंखा लावतात का कुणी?"

छताला हीटरची झडप होती. तात्यांना मराठी येत नाही, पण बोट कुठे दाखवलंय ते कळतं. त्यांनी उठून झडप बंद केली. आकडा हलायचा थांबला. तात्यांनी श्वास रोखून पुन्हा दाणा टाकला. काटा बरोबर तेवढाच वर गेला. गेली कित्येक वर्षं ते काट्याच्या कंपनीला पत्रं लिहीत होते.

पुढचा अर्धा तास त्या दोघांचा अगदी सराफी थाटात गेला. ते इंग्रजीत, ती मराठीत. तिने त्यांना वजनं पुसायला लावली, काट्याखाली पातळी बघायला लावली, चष्म्याचा नंबर विचारला. मी मध्ये बोलायचा प्रयत्न केला तर दोघांनी मला गप्प केलं, कारण माझ्या बोलण्याने हवा हलत होती. निघताना तिने मात्र विचारलं, "एवढं गुंजभर कमी नको जास्त नको करून शेवटी ते जाळायचंच ना?" मी भाषांतर केलं नाही. तात्यांना मी सांगितलं, "आई म्हणते, काम नेटकं आहे."

पुंगळी पुन्हा मापात आणायची तर ती प्रेसमधल्या पोलादी डायमध्ये दाबावी लागते, आणि त्याआधी तिला मेण चोळावं लागतं. कमी मेण लागलं तर ती डायमध्ये घट्ट अडकते. जास्त लागलं तर तिच्या खांद्यावर खळगे पडतात. 'पुरेसं' हे माप तात्यांना अजून सापडलेलं नाही. पुंगळी अडकली की आधी ते जोर लावतात, मग काकूंना बोलावतात, मग मला, आणि शेवटी ड्रिल. पुंगळ्या चकचकीत करण्यासाठी एक गोल डबा रात्रभर घरघरत फिरतो. त्यात अक्रोडाच्या कवचांचा भुसा असतो. तो भुसा मग घरभर फिरतो. काकूंना एकदा तो चर्चला न्यायच्या केकमध्ये सापडला. लोकांना आवडला म्हणे.

प्रायमरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण विषय नाजूक आहे. २०२० नंतर इथल्या दुकानांतून प्रायमर गायब झाले आणि बराच काळ दिसेनात. तेव्हापासून तात्या प्रायमर दिसला की घेतात. गरज असो नसो, आकार आपला असो नसो. एकदा ते पिस्तुलाचे प्रायमर घेऊन आले. त्यांच्याकडे पिस्तूल नाही. "पण मिळत होते ना!" हे त्यांचं उत्तर. माझ्या बायकोने साडीच्या सेलमध्ये हेच उत्तर दिलेलं आहे, म्हणून मी मान डोलावली.

गोळीची निवड हा आणखी एक पुराणग्रंथ. तात्यांचं दैवत जॉन नॉस्लर. हे नॉस्लर १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले होते. मूसच्या अंगावर चिखल वाळलेला, कातडं जाड. गोळ्या वरच्यावरच फुटल्या, आत गेल्याच नाहीत. दुसरा कुणी असता तर घरी येऊन बायकोला मूसबद्दल चार शब्द बोलला असता. नॉस्लरनी मध्ये आडभिंत असलेली नवी गोळी बनवली: पुढचा अर्धा भाग फुलायला, मागचा शाबूत राहून आत घुसायला. आमच्या गल्लीत मूस नाहीत. चिखल आहे. तात्या म्हणतात, तयारी असावी.

हे सगळं जमलं की शनिवारी मैदानावर जायचं आणि शंभर यार्डांवरच्या कागदाला भोकं पाडायची. तीन गोळ्यांची भोकं जितकी जवळ, तितकं माप चांगलं. एक कोनीय मिनिट म्हणजे शंभर यार्डांवर १.०४७ इंच, ०.०४७ सोडून द्या, असं म्हणणाऱ्याशी तात्या बोलत नाहीत. तीनपैकी दोन भोकं एकमेकांना चिकटली आणि तिसरं दूर गेलं, तर ते तिसरं मोजायचं नसतं. ते वाऱ्याचं. किंवा शिंकेचं. किंवा शेजारच्या बाकावरच्या माणसाने नेमका तेव्हाच चाप ओढला, त्याचं. एखाद्या शनिवारी तिन्ही भोकं चिकटली तर तो कागद पाकिटात जातो आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्कीच्या आधी सगळ्यांच्या हातांतून फिरतो.

मी चिटणीस म्हणून एकदा बोललो. बोलायला नको होतं, पण एक्सेल उघडलं की माझ्या अंगात येतं. "तात्या, तीन गोळ्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. हे नशीबही असू शकेल."

"मग किती लागतील?"

"तीस तरी."

तात्यांचा चेहरा उजळला. कुणीतरी शिकलेल्या माणसाने, गणितातल्या माणसाने, खुद्द भारतीयाने त्यांना परवानगी दिली होती. चार पावडरी, प्रत्येकीची पाच मापं, प्रत्येक मापाच्या तीस गोळ्या. थर्टी-ऑट-सिक्सचा दस्ता खांद्यात चांगला ठोसा देतो. रविवारी तात्यांचा खांदा जांभळा होता आणि काकू बर्फाची पिशवी धरून बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघून हसल्या नाहीत.

"हरणाला किती अचूकता लागते?" त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

"छातीचा मर्मभाग साधारण आठ इंचांचा असतो."

"आणि यांचं काय चाललंय?"

"पाऊण इंचावरून अर्ध्या इंचावर येतोय."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी ती बर्फाची पिशवी माझ्या हातात दिली.

गोळीचा वेग मोजायचं यंत्र तात्यांनी हौसेने आणलं होतं. ते नळीपुढे काही पावलांवर तिकाटण्यावर उभं करायचं आणि गोळी त्याच्या वरून, दोन पट्ट्यांमधून जाऊ द्यायची. बाकावर दुर्बिणीतून बघताना ते यंत्र दिसत नाही, लांबचा कागदच दिसतो. नळी दुर्बिणीच्या इंचदीड इंच खाली असते. यापुढची गोष्ट क्लबातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी घडलेली आहे, त्यामुळे कुणी हसलं नाही. दोघांनी टोप्या काढल्या. तात्यांना दुःख यंत्राचं नव्हतं. "तो शॉट फार सुंदर सुटला होता," ते म्हणाले, "आणि त्याचाच आकडा मिळाला नाही."

शिवाय हवामान. माप ठरतं जुलैच्या उकाड्यात आणि हरीण येतं नोव्हेंबरच्या थंडीत. पावडर थंडीत जरा वेगळी जळते. काही पावडरी कमी बदलतात, काही जास्त. हे तपासायचं तर काडतुसं आधी थंड केली पाहिजेत, म्हणून ती घरच्या फ्रीजरमध्ये, गेल्या वर्षीच्या हरणाच्या मांसाशेजारी ठेवली गेली. त्यावर चिठ्ठी होती: 'खाऊ नका.' ही चिठ्ठी मांसाला आहे असं काकूंना वाटलं आणि त्यांनी मांस टाकून दिलं.

काकूही शिकार करतात, हे सांगायचं राहिलं. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांची थर्टी-थर्टीची जुनी रायफल आहे. ते काडतूस १८९५ चं. तात्यांच्या मते त्या रायफलीला अचूकता असा शब्दच लावता येत नाही. काकू दुकानातली पेटी वापरतात. कुठल्या पावडरीची? त्यांना माहीत नाही. किती ग्रेन? पेटीवर लिहिलं असेल. पहिल्या शनिवारी पहाटे त्या नारिंगी टोपी घालून, कॉफीचा थर्मास घेऊन घरामागच्या टेकडीवर जातात आणि बहुतेक वर्षी दहाच्या आत खाली येतात.

"किती लांबून?" मी एकदा विचारलं.

"समोर आलं," काकू म्हणाल्या.

तात्यांना मागच्या मोसमात नर मिळाला, तेव्हा मी अभिनंदन करायला धावलो. ते पायरीवर डोकं धरून बसले होते. हरीण साठेक पावलांवर होतं. अर्धा इंच, पाऊण इंच, कशाचाच संबंध आला नाही. बोट दाखवावं तितकं जवळ. गोळी आरपार गेली आणि पलीकडच्या दरीत कुठेतरी मातीत शिरली. "सापडलीच नाही," तात्या म्हणाले. "फुलली किती, वजन किती राहिलं, काहीच कळलं नाही. वर्ष वाया गेलं." दोन दिवस ते तिथे धातुशोधक घेऊन फिरत होते. हरीण काकूंनी सोललं.

त्या आठवड्यात मी तक्त्यात एक नवा स्तंभ केला: खर्च भागिले मांस. प्रेस, डाय, काटे (तीन), भिंगं, पुस्तकं, यंत्र (दिवंगत), पावडरी, बर्फाच्या पिशव्या. जो आकडा आला त्या भावात मांस विकायला काढलं असतं तर न्यूयॉर्कच्या हॉटेलांनीही दार लावून घेतलं असतं. मी तो स्तंभ लपवून ठेवला. काकूंनी निवृत्तीपर्यंत एका कारखान्याचे हिशेब सांभाळले आहेत आणि लपवलेला स्तंभ उघडायला त्यांना दोन सेकंद लागतात, ही माहिती मला नंतर मिळाली.

पण तात्यांचं माप ठरलं, हे मान्य केलं पाहिजे. उन्हाळाअखेर एका डब्यातल्या पावडरीने शनिवारमागून शनिवार भोकाला भोक चिकटवलं. तात्यांनी मापाखाली लाल शाईने दोन रेघा मारल्या. मी तक्त्यातली ती ओळ हिरवी केली. काकूंनी केक केला (भुशाविना). आणि मग तात्यांनी डबा हलवून पाहिला. तळाशी मूठभर पावडर उरली होती. नवा डबा आला, त्याच नावाचा, त्याच कारखान्याचा, पण घाण्याचा क्रमांक निराळा. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं: घाणा बदलला की पुन्हा खालून सुरुवात करा.

तात्या वैतागले असतील म्हणून मी सांत्वनाला गेलो, तर ते शीळ घालत नव्या पुंगळ्यांना मेण चोळत होते. बाकावर एक लांबट खोकं होतं.

"थर्टी-ऑट-सिक्स म्हाताऱ्यांचं काडतूस झालं," सत्तरीचे तात्या म्हणाले. "मी सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर घेतली. २००७ सालचं काडतूस. शास्त्रीय. याचं वैशिष्ट्य काय ठाऊक आहे? झंझट नाही. सगळे एच ४३५० वापरतात. एकच पावडर. विषय संपला."

"छान," मी मनापासून म्हणालो. "मग आणली?"

"दुकानात नव्हती. सगळे तीच वापरतात ना."

"मग?"

तात्यांनी कपाट उघडलं. आत चार नवे डबे होते. "तोवर यांच्यातली बरी कुठली ते बघून ठेवू. तू नवा तक्ता उघड. आणि हे बघ, काकूंना म्हणावं, तीन-तीनच गोळ्यांचं बघणार आहोत. ते तीसचं तू काय म्हणाला होतास, ते आपल्या दोघांतच राहू दे."